अर्जदार आणि वर्गणीदार

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीत शाळेने पालकसभा ठेवली, की आपल्या वस्तीतला शेतमजूर येऊ शकत नाही. मग 'यांना शिक्षणाची आस्था नाही' असा शेरा मारून गुरुजी मोकळे! बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे कोणी विचारीत नाही.

शाळा कोणत्या पालकाचे ऐकते, हे समजून घ्यायला वऱ्हाडातून धारवाडपर्यंत जावे लागते. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडात १८५६ साली एका महार मुलाला सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूचा आहे, हे सरकारने मान्य केले. पण एकाला घेतले तर शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, असे सांगून अर्ज फेटाळला. 'बाकीचे' म्हणजे स्पृश्य पालक. त्यांची नाराजी सरकारने आधीच गृहीत धरली होती.

१८५८ च्या ठरावाने केवळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या. जिथे स्थानिक वर्गणी होती, तिथे वर्गणीदारांच्या हरकतीला मान राहिला. पालकाच्या शब्दाची किंमत अशी त्याच्या पैशावर ठरली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. त्यांत वंचित घटकांना प्रमाणशीर वाटा, आणि समितीत निम्म्या स्त्रिया. (विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, हेही ध्यानात असू द्यावे.) जागा मिळाली, पण सभेची वेळ शाळेच्या घड्याळाने ठरते. मजूर दिवेलागणीला घरी येतो. सभा त्यानंतर, वस्तीतल्या समाजमंदिरात का घेऊ नये?