न आलेले दहा गिगाहर्ट्‌झ आणि अडखळणारे विमान

ऑक्टोबर २००६ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ बाजारात आला, तेव्हा त्यातले बेंगळुरू विमानतळ म्हणजे एचएएलची जुनी धावपट्टी होती; देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू व्हायला अजून दीड वर्षाहून अधिक काळ होता. ही धावपट्टी कोरमंगलापासून काही किलोमीटरवरच आहे. कोरमंगलातल्या सदनिकांत तोवर पुण्या-कोल्हापूरच्या अभियंत्यांसह देशभरातले संगणकतज्ज्ञ राहायला आले होते. पुढच्याच वर्षी फ्लिपकार्टचा आरंभही इथल्याच एका सदनिकेतून झाला. अशा घरांत ज्यांनी हौसेने हा सिम्युलेटर बसवला, त्यांच्या वाट्याला जगभरच्या हौशी वैमानिकांचेच दुःख आले. मोकळ्या रानावर विमान सुरळीत चाले आणि दाट शहर जवळ येताच चित्र अडखळू लागे. मग एस. पी. रोडवर जाऊन नवे, महागडे ग्राफिक्स कार्ड आणायचे, बसवायचे, आणि विमान पुन्हा त्याच ठिकाणी अडखळताना पाहायचे.

दोष बहुधा त्या कार्डचा नसे. तो कुठे होता हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

घरगुती सिम्युलेटरचा जनक ब्रूस आर्टविक. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली त्याने संगणकनिर्मित उड्डाणदृश्यावर प्रबंध लिहिला आणि त्या दशकाच्या अखेरीस ‘अ‍ॅपल टू’साठी पहिला सिम्युलेटर तयार केला. त्या यंत्रातल्या प्रोसेसरची गती सुमारे एक मेगाहर्ट्‌झ होती आणि त्याला गुणाकाराची स्वतंत्र आज्ञाही नव्हती. विमानाची गती, दृश्याचे परिभ्रमण, पडद्यावरच्या रेषा, सारे काही त्या एकाच प्रोसेसरने करायचे. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर आयबीएम पीसीवर आणला. त्याची यंत्रावरची पकड इतकी घट्ट होती की एखादा संगणक खरोखर आयबीएमशी सुसंगत आहे का, हे पाहायला लोक त्यावर हाच कार्यक्रम चालवून बघत. पुढे ग्राफिक्स कार्ड आले आणि चित्र रंगवण्याचे काम त्याच्याकडे गेले. पण काय रंगवायचे, कुठे आणि कोणत्या क्रमाने, हे सांगण्याचे काम प्रोसेसरकडेच राहिले. शहरावरून जाताना हजारो इमारती आणि झाडे दिसू लागतात. त्यांच्या आज्ञांची यादी तयार होईपर्यंत ग्राफिक्स कार्ड हात बांधून बसलेले असते.

‘एक्स’ची रचना याच परंपरेतली होती. त्याचे बहुतेक काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर, चाले. आज ही चूक वाटते, पण आधीच्या तीस वर्षांचा अनुभव ध्यानात घेतला तर ती समंजस पैज होती. आजच्या संगणकावर जड असलेला कार्यक्रम तीन वर्षांनी आपोआप हलका होतो, असाच तो अनुभव होता. इंटेलने तर आपल्या पेंटियम-४ घराण्याला दहा गिगाहर्ट्‌झपर्यंत नेण्याचे स्वप्न दाखवले होते.

ते स्वप्न पदार्थविज्ञानाने मोडले. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टरचा आकार घटवताना त्याच प्रमाणात विद्युतदाबही घटवला, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही आणि गती मात्र वाढते. अडचण दाबाच्या तळाशी होती. ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळतो, आणि उंबरठ्याचा दाब दर ६० मिलिव्होल्टने खाली आणला की ही गळती दसपटीपर्यंत वाढते. हे ६० मिलिव्होल्ट कारखान्याच्या कौशल्यावर अवलंबून नाहीत; सामान्य तापमानाला इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक ऊर्जेतूनच ते येतात. म्हणून विद्युतदाब एका मर्यादेखाली नेता येईना. चिपची खर्ची पडणारी शक्ती दाबाच्या वर्गाला आणि गतीला समप्रमाणात असते. दाब थांबला, तेव्हा गतीलाही थांबावे लागले.

मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम-४चा नियोजित वारसदार उष्णतेपायी रद्द केला. त्याचे सांकेतिक नाव होते ‘तेजस’. बेंगळुरूच्या हलक्या लढाऊ विमानाला हेच नाव जेमतेम वर्षभर आधी मिळाले होते; निव्वळ योगायोग, पण विसरता न येणारा. त्या वर्षअखेरीस ३.८ गिगाहर्ट्‌झवर ते घराणे थांबले आणि इंटेल अनेक गाभ्यांकडे वळली. या वळणाचा एक अध्याय बेंगळुरूत लिहिला गेला. इथल्या चमूकडे असलेला, शहराच्या उपनगराचे नाव धारण करणारा ‘व्हाइटफील्ड’ प्रोसेसर २००५ साली रद्द झाला. पण त्याच चमूच्या हातून सप्टेंबर २००८ मध्ये सहा गाभ्यांचा ‘डनिंग्टन’ बाहेर पडला. सुमारे १९० कोटी ट्रान्झिस्टर असूनही त्याची सर्वाधिक गती होती २.६६ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या पेंटियमपेक्षा कमी. एकाच गाभ्यावर विसंबणाऱ्या सिम्युलेटरला असल्या प्रगतीचा फारसा उपयोग नव्हता.

मे २००७ च्या पहिल्या दुरुस्ती-संचाने भूभागाचे पोत चढवण्यासारखी कामे इतर गाभ्यांवर टाकली, तरी मुख्य थ्रेड मुख्यच राहिला. मग एक नवी लोकविद्या जन्माला आली. लोक सेटिंग्जची फाइल उघडून दृश्य चढवण्याला प्रत्येक फ्रेममधला किती हिस्सा द्यायचा (मूळ मूल्य ०.३३) यावर रात्री घालवू लागले. यातले पुष्कळसे तोडगे गंडेदोऱ्यांच्या योग्यतेचे होते, कारण एकाच वेळी पाच मूल्ये बदलून ‘फरक पडला’ असे जाहीर केले जाई. वास्तविक निदानाची पहिली पायरी अगदी सोपी आहे. बाकी काहीही न बदलता पडद्याचे रिझोल्यूशन निम्मे करावे. फ्रेमचा दर वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डात. जागचा हलला नाही तर बहुधा प्रोसेसरात, आणि मग रहदारी, इमारती व झाडे कमी करणे हाच उपाय.

दुसरा सापळा सरासरीचा. सेकंदाला ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यासाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडद्याशी ताळमेळ ठेवण्याची सोय चालू असेल आणि फ्रेम तयार व्हायला १७ मिलिसेकंद लागले, तर ती पुढच्या खेपेपर्यंत थांबते आणि दर एकदम ३० वर येतो. ०.३ मिलिसेकंदाच्या उशिराने अर्धे चित्र गेले! म्हणून जाणकार दर सेकंदाच्या फ्रेम मोजत नाहीत. प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहतात.

हा सारा खटाटोप केवळ डोळ्यांच्या सुखासाठी नसतो. वैमानिक क्षितिज पाहून दांडी हलवतो आणि हललेले क्षितिज पाहून पुन्हा हलवतो. या चक्रात १५० मिलिसेकंदांचा विलंब आला, तर दोन सेकंदांच्या आवर्तनाच्या हालचालीत २७ अंशांचा कलाफरक पडतो आणि सुधारणा चुकीच्या क्षणी होऊ लागते. अमेरिकेच्या विमान-नियामकाने उच्च दर्जाच्या प्रशिक्षण-सिम्युलेटरसाठी दीर्घकाळ हीच १५० मिलिसेकंदांची मर्यादा ठेवली होती. बेंगळुरूच्या सी. व्ही. रमण नगरातील वैमानिकी विकास संस्थेत तेजसचा सिम्युलेटर उभा राहिला तो याच शिस्तीत. तेजस हे मुळातच अस्थिर ठेवलेले, संगणकाच्या साहाय्यानेच उडणारे विमान. ४ जानेवारी २००१ रोजी ते एचएएलच्या धावपट्टीवरून प्रथम उडाले, त्याआधी चाचणी-वैमानिकांनी त्याचे नियंत्रण जमिनीवर अनुभवले होते. तिथे उशिरा आलेले चित्र विमानाच्या स्वभावाबद्दल खोटी साक्ष देणार होते.

ऑगस्ट २०२० मध्ये आसोबो स्टुडिओने घडवलेला नवा सिम्युलेटर आला. दोन पेटाबाइटांहून अधिक भूदृश्य इंटरनेटवरून उतरवणाऱ्या या यंत्रणेत विकासकांसाठीची फ्रेम-नोंद चालू केली की कित्येकांना तेच जुने उत्तर दिसे: मर्यादा मुख्य थ्रेडची. मोठा फरक पडला जुलै २०२१ मध्ये, हा सिम्युलेटर एक्सबॉक्सवर नेताना. तिथल्या ठरावीक मेमरीत बसवण्यासाठी आतली रचना बदलावी लागली आणि त्याच अद्ययावतीकरणात अनेक जुन्या पीसींवरचे विमानही सुरळीत झाले. अलीकडची ग्राफिक्स कार्डे दोन खऱ्या फ्रेममध्ये स्वतः रचलेली फ्रेम घुसडतात. कोपऱ्यातला आकडा ३० वरून ६० होतो आणि डोळा फसतो. दांडीला मिळणारे उत्तर मात्र खऱ्या ३० फ्रेमच्याच चालीने येते, किंबहुना किंचित उशिराच, कारण मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावे लागते.