तीन डिस्क आणि अहेरीची एसटी

परवा चंद्रपूरहून अहेरीला घरी जाताना एसटीत हॉवर्ड शोरचं 'फेलोशिप ऑफ द रिंग'चं संपूर्ण संगीत सलग ऐकलं. २००१ साली सिनेमा आला १७८ मिनिटांचा, पण त्याचा अल्बम जेमतेम ७१ मिनिटांचा. मग डिसेंबर २००५ मध्ये 'कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' निघालं. तीन डिस्क, सुमारे तीन तास! पुढचे दोन भाग २००६ आणि २००७ मध्ये आले.

फरक नुसता मिनिटांचा नाही. हॉबिटांच्या गावाची धून छोट्या अल्बमवरही आहे. पण ती पुढे कुठे, कोणत्या वाद्यावर, किती थकून परत येते, हे क्रमाने ऐकल्यावरच कळतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, आधी डेमो होता, आता पूर्ण बिल्ड मिळाली.

आपल्याकडे? ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावायची. त्यामुळे गाणी घरोघरी गेली, पार्श्वसंगीत बहुतेक पडद्यावरच राहिलं. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत तर वादक रात्रभर समोर बसून वाजवतात. पहाटे लोक गाणी गुणगुणत घरी जातात, मधलं सगळं हवेत विरतं.

आलापल्ली आली तेव्हा तिसरी डिस्क संपत होती. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत नाटकाला रेकॉर्डर घेऊन बसायचं ठरवलंय. पूर्ण रात्र, एकही मिनिट न कापता.