सांगावा आणि ट्रंक कॉल : एका स्त्री-कर्मचाऱ्याच्या कागदपत्रांचे वाचन

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे साधनांचा प्रश्न नेहमीच उभा राहतो. सभा, परिषदा, सत्याग्रह, ठराव आणि वृत्तपत्रे यांच्या आधाराने १९२० ते १९५६ या काळाचा इतिहास बराचसा उभा राहिला. चां. भ. खैरमोडे, वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी कागद न् कागद जपला नसता तर तोही राहिला नसता. पण परिषदेहून घरी परतलेली बाई, तिची शिकलेली मुलगी आणि त्या मुलीने केलेली चाळीस वर्षांची नोकरी यांचा इतिहास कशावरून लिहायचा? १९८९ साली मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहून चळवळीतील स्त्रियांना बोलते केले. त्यापुढचे काम म्हणजे अशा बायकांच्या पत्र्याच्या पेट्यांत पडून असलेले कागद वाचणे.

नांदगाव तालुक्यातील एका सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंनी त्यांचे कागद मला पाहू दिले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव आणि नोकरीची गावे येथे लिहीत नाही. त्या १९७२ साली डाक-तार खात्यात लागल्या आणि २०११ साली निवृत्त झाल्या. मॅट्रिकची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे हुकूम, रजेच्या अर्जांचे कच्चे मसुदे, एक लग्नपत्रिका आणि जमाखर्चाच्या अकरा वह्या, एवढाच हा ऐवज. यात कोणा पुढाऱ्याचे पत्र नाही, भाषण नाही. प्रस्थापित इतिहासकार याला रद्दी म्हणेल. मला मात्र हा आपल्या समाजाच्या एका मोठ्या स्थित्यंतराचा पुरावा वाटतो. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

निरोप पोचवणे हे गावगाड्याने महारांवर लादलेले काम होते. सरकारी टपाल, सरकारी वसुली पुढच्या गावी पोचवायची, आलेल्या अंमलदाराची वर्दी द्यायची, कुणाच्या घरी मर्तिक झाले की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन पायी धावायचे, हे सारे येसकराच्या वाट्याला. म्हणजे या देशातील दळणवळणाचा भार आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पायांवर वाहिला. मोबदला काय? वतनाची तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली जमीन, बलुते आणि दारोदार मागितलेली भाकरी. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारनेही ही व्यवस्था मोडली नाही, उलट तिला कायद्याचे रूप दिले. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमके हेच दाखवून दिले की महार वतनदाराच्या कामाला ना तासांची मर्यादा आहे ना कामाचे स्वरूप ठरलेले आहे. तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला कामावर धरले जाते. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली.

आता बाईंच्या नेमणुकीचा आदेश पाहा. त्यात पद आहे, वेतनश्रेणी आहे, महागाई भत्ता आहे. पुढच्या कागदांत पाळ्यांचे तक्ते आहेत, जादा कामाच्या भत्त्याची नोंद आहे. काम तेच : एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचवणे. पण आता त्याला तास आहेत, दाम आहे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला त्यासाठी धरून नेता येत नाही. ज्या वर्षी हा आदेश हाती पडला, त्या १९७२ च्या दुष्काळात बाईंची आई खडी फोडण्याच्या कामावर जात होती. एकाच घरात, एकाच वर्षी, हे दोन काळ शेजारी शेजारी उभे होते.

हे आपोआप घडले नाही. नांदगाव तालुक्याला तर हे विशेष ठाऊक असायला हवे. रेल्वे आली, तार आली, वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी एके काळी नांदगाव स्टेशनवर उतरून पुढे जाऊ लागले. पण आधुनिक दळणवळणाबरोबर जात गेली नाही. याच तालुक्यातील मनमाड येथे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी बाबासाहेबांनी येथेच केली. रेल्वेतील अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच राबतो, पोर्टरच्या जागेवरही त्याला घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ होतो, हे त्यांनी उघडपणे सांगितले. जिथे पोर्टरची जागा मिळत नव्हती तिथे तारेच्या यंत्रासमोरची खुर्ची कोण देणार?

ती खुर्ची राखीव जागांनी दिली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ साली हे प्रमाण १२.५ टक्के आणि १९७० साली १५ टक्के झाले. बाईंची नेमणूक त्यानंतर दोनच वर्षांनी झाली. ‘सरकारने दिलेली नोकरी’ असे जे सहज म्हटले जाते, त्यामागे मनमाडच्या मंडपात बसलेल्या हजारो गँगमनांचे ऋण आहे.

ट्रंक कॉलचे काम आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. माणूस आधी कॉल नोंदवी : साधा, तातडीचा किंवा ‘लाइटनिंग’. ऑपरेटर त्याचे तिकीट लिही, पुढच्या एक्स्चेंजला मागणी करी, लाइन मिळाली की बोर्डावर दोरीचे टोक योग्य छिद्रात बसवून दोन माणसांना जोडून देई आणि तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने वेळ मोजी. मर्तिकाचा सांगावा आता तिच्या हातून जाऊ लागला. ज्यांच्या उंबऱ्याबाहेर तिच्या आजोबांनी काठी आपटून निरोप सांगितला असेल, त्यांनाच आता तिच्या ‘बोला’ या शब्दाची वाट पाहावी लागे. तारेवर विटाळ लागत नव्हता, आवाजाला जात विचारता येत नव्हती. हाजिरीपटावरचे आडनाव मात्र सगळे वाचत.

१८८५ च्या तार कायद्याने कर्मचाऱ्यावर गुप्ततेचे बंधन घातले होते. गावाचे सारे सुखदुःख बाईंच्या कानावरून गेले, पण त्यातला एक शब्दही त्यांच्या कागदांत नाही. इतिहासकाराची यात निराशा होईल. मला यात त्या पिढीची व्यावसायिक निष्ठा दिसते. राखीव जागेवरचा माणूस कार्यक्षम नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हा पुरावा लक्षात घ्यावा.

या संग्रहातील सर्वांत अवघड कागद म्हणजे जातीचा दाखला. त्यावर ‘हिंदू महार’ असे लिहिले आहे. त्याच पेटीतील १९७६ च्या लग्नपत्रिकेवर बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे चित्र असून विवाह बौद्ध पद्धतीने होईल असे छापले आहे. कोणी म्हणेल, ही दुटप्पी वागणूक झाली. असे म्हणणाऱ्याने आधी कायदा वाचावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्म सोडणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. १९५६ साली शीख धर्मीयांचा त्यात पूर्ण समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर येथील सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण डाक-तार हे केंद्राचे खाते. केंद्राने नवबौद्धांना हा हक्क दिला तो १९९० साली. धर्मांतराने माणसाची जात त्याच्या मनातून गेली तरी गावाच्या मनातून गेली नव्हती. आणि तरीही शासन म्हणत होते, धर्म तरी सांगा नाही तर भाकरी तरी घ्या. चौतीस वर्षे लाखो माणसांना या पेचात ठेवणाऱ्या व्यवस्थेने एका ऑपरेटर बाईला प्रामाणिकपणाचे धडे देऊ नयेत. हा दाखला बाईंच्या श्रद्धेविषयी काहीच सांगत नाही. तो शासनाविषयी सांगतो. म्हणूनच एकटा सरकारी कागद वाचून आपला इतिहास लिहिता येत नाही. त्याच्या शेजारी घरचा कागद ठेवावा लागतो.

असा घरचा कागद म्हणजे जमाखर्चाच्या वह्या. भावाची कॉलेजची फी, आईचे औषध, विहाराच्या बांधकामाची वर्गणी, १४ एप्रिलची वर्गणी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्याचे भाडे, नियतकालिकाची वार्षिक वर्गणी. आपली चळवळ कशावर चालली याचे उत्तर या ओळींत आहे. तिची धनको कोणी भांडवलदार नव्हती. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारी ही माणसे होती. आणि स्वतःच्या नावासमोर? वर्षातून दोन लुगडी, एखादी चप्पल. घरातील पुरुषांनीही हा हिशेब वाचावा असे मला वाटते.

रजेच्या अर्जांचे मसुदे इंग्रजीत आहेत. सत्तरच्या दशकातले अर्ज ‘आय बेग टू स्टेट’ या छापील वळणाने सुरू होतात. १९८१ च्या एका मसुद्यात बाळंतपणाच्या रजेसाठी लिहिताना ‘बेग’ या शब्दावर काट मारून बाईंनी वर ‘विश’ असे लिहिले आहे आणि नंतर पुन्हा ‘बेग’ केलेले नाही. भीक मागणे हा ज्यांच्यावर लादलेला हक्क होता, त्या समाजातील एका स्त्रीने टाकलेली ही एक काट आहे. जाणीव अशीच येते, एकेका शब्दाने.

१९८५ साली डाक आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. २००० साली दूरसंचारचे काम भारत संचार निगमकडे गेले. बोर्ड आधीच मोडीत निघाले होते. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाही बंद झाली. जानेवारी २०२० मध्ये निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. यंत्र बदलले याबद्दल तक्रार नाही. पण दळणवळणाचे नवे काम आता मोठ्या प्रमाणावर खाजगी कंपन्या आणि कंत्राटदार यांच्याकडे आहे आणि तेथे राखीव जागा नाहीत. मोटारसायकलवर पार्सले पोचवणाऱ्या आपल्या मुलांना ना ठरलेले तास, ना निवृत्तिवेतन. येसकरपाळी संपवायला जी दोन-तीन पिढ्यांची लढाई लागली, तिचे फलित किती लवकर निसटू शकते, हे या कागदांकडे पाहून कळते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. कार्यालये मुदत संपलेले कागद नष्ट करतात, आणि घरे बदलताना आपणही तेच करतो. आपल्या आई, मावशी, आत्या यांपैकी ज्या परिचारिका, शिक्षिका, टपाल-तार कर्मचारी, सफाई कामगार होत्या, त्यांच्या कागदांची यादी करा. मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या, नकला काढा, प्रत्येक कागदामागची हकिकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यांची परवानगी असेल तेवढेच छापा. या बायका आज सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. हे काम या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू झाले पाहिजे.