पांढरी नसलेली राजधानी

देशावरच्या गावात पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. घरं एका जागी, शेतं भोवताली. भूकरमापक म्हणून माझी सारी नोकरी या दोहोंमधली हद्द आखण्यात गेली. सातपुड्यात ती हद्दच सापडत नाही. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीकडे निघालं, की नकाशावर गाव एक असतं आणि डोळ्यांना दिसतात ती सुटी सुटी घरं: एक टेकाडावर, दुसरं नाल्यापलीकडे. प्रत्येक घर आपल्या शेतात. मुलगा वेगळा झाला, की आपल्या वाट्याच्या उतारावर नवं घर उभारतो. सागाच्या मेढी, बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कौलं. एकाच छपराखाली माणसं, बैल, शेळ्या आणि धान्याच्या कणग्या. अशा काही घरांचा पाडा आणि काही पाड्यांचं गाव.

याला विस्कळीतपणा म्हणणं मला कधीच पटलं नाही. उतारावरची माती पातळ असते, दाटीची वस्ती ती पोसू शकत नाही. ज्वारी-भगर उभी असताना रानडुकरांपासून राखायची, तर घर शेतातच हवं. बांधणी जमिनीनेच ठरवून दिली आहे.

मग अशा मुलखावर राज्य कसं चाललं? त्यासाठी काठी पाहावी लागते. मोलगीजवळचं हे गाव म्हणजे मेवासी म्हणवल्या जाणाऱ्या छोट्या डोंगरी संस्थानांपैकी एकाची गादी. काठी, चिखली, नाला, सिंगपूर, गव्हाळी आणि नवलपूर अशी ती सहा संस्थानं. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. तरी डोंगरातला कारभार सपाटीच्या कायद्याने हाकता येणार नाही हे साहेबांनी ओळखलं आणि 1846 मध्ये मेवासी मुलखासाठी वेगळा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर, 1961 च्या विनियमाने या संस्थानिकांचे जमिनीवरचे मालकी हक्क संपले. तळोद्याचा वनविभाग मात्र अजून मेवासी नावानेच ओळखला जातो.

दुसऱ्या एका डोंगरी राज्याशी तुलना करून पाहा: आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या लेसोथोच्या डोंगरात मोश्वेश्वे राजाने 1824 मध्ये थाबा बोसिऊ हा सपाट माथ्याचा डोंगर गाठून तिथे गादी मांडली. संकटात लोक त्या माथ्यावर आसऱ्याला येत. काठीला तसा वेगळा गड लागला नाही. दऱ्या, जंगल आणि उत्तरेला नर्मदा, एवढी राखण पुरेशी होती. इथे राज्य दिसायचं ते माणसं एका जागी जमली म्हणजे. ती जमण्याची जागा आणि वेळ म्हणजे राजवाडी होळी.

ही होळी 1246 पासूनची, असं काठीचे लोक सांगतात. गुजरातच्या जंगलातून उंच, सरळ बांबू आणतात. तोच होळीचा दांडा. ज्यांचा नवस असतो ते आधीपासून पाळणूक करतात: खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात. मग ते बावा आणि बुध्या ही रूपं घेतात. अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुके दुधी आणि घुंगरं. रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. आणखी एक व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते: सातपुड्यातल्या होळ्या एकाच रात्री नसतात. गावोगावचे दिवस वेगळे, त्यामुळे एका होळीची माणसं दुसऱ्या होळीला जाऊ शकतात. वर्षभर टेकाडा-टेकाडांवर पांगलेला मुलूख अशा रीतीने आपणहून एकत्र येतो. सोयरिकी याच दिवसांत जुळतात, भांडणं मिटतात, नात्यागोत्यांची उजळणी होते.

पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची 33 गावं आली. मणिबेली त्यांतलं पहिलं. तळोद्याजवळच्या रेवानगर, नर्मदानगरसारख्या वसाहतींत नर्मदाकाठच्या माणसांना प्लॉट मिळाले. सरळ रस्ते, रांगेतली घरं. मोजणीदाराच्या दृष्टीने सोपं काम. पण ज्याने जन्मभर शेजाऱ्याला टेकडीवरून हाक दिली, त्याला भिंतीला भिंत लागलेलं घर किती जड गेलं असेल, हे मला ती रांग पाहताना जाणवलं आणि वाईट वाटलं.

सातबाऱ्यावर जमिनीचा मालक सापडतो, या मुलखाचं नातं सापडत नाही. कुठली होळी कोणत्या दिवशी, कोणत्या पाड्याने काय आणायचं, कोणी आधी नाचायचं, हा सारा क्रम इथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. इथल्याच शिकलेल्या मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून तो पाडावार लिहून घ्यावा.