चिंची चेटकीण परत आली, आता पुढे काय? जुनं बालनाट्य पुन्हा उभं राहायला काय लागतं?

मे महिन्याची सुट्टी लागली की भांडुपच्या घराघरांत एकच प्रश्न असतो, पोरांना न्यायचं कुठं? मॉल झाला, सिनेमा झाला. मग कुणाला तरी आपल्या लहानपणचं बालनाट्य आठवतं. राजा, राजकन्या, राक्षस, मधेमधे गाणी आणि खदाखदा हसत येणारी चेटकीण. असं नाटक आता पुन्हा होईल का?

याचं उत्तर आहे, झालंय की! २०१८ मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ नव्याने आलं आणि जोरात चाललं. पण एक नाटक परत आलं म्हणजे अख्खी परंपरा परत आली, असं होत नाही. म्हणूनच जुनं परीकथेचं नाटक परत कशामुळे येतं आणि कुठे अडतं, ते नीट बघूया.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१९५९ साल. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास केला होता. मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक होतं ‘मधुमंजिरी’. लेखक रत्नाकर मतकरी, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा. त्याआधी मुलांची नाटकं नव्हती असं नाही, पण ती बहुतेक शाळेच्या स्नेहसंमेलनात, मुलांनीच केलेली असत. मुलांनी तिकीट काढून बघायचं, मोठ्या नटांनी मनापासून करायचं आणि नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळं मोठ्यांच्या नाटकाइतकंच चोख ठेवायचं, हा विचार नवा होता.

पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने अनेक वर्षं चालवली. ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही त्यांचीच नाटकं.

२०१८ मध्ये नेमकं काय झालं?

निर्माते राहुल भंडारे यांच्या अद्वैत थिएटरने ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक चिन्मय मांडलेकर, तर चिंची चेटकीण झाले वैभव मांगले. पाठीशी झी मराठीचं नाव होतं. नाटक चाललं, म्हणून पुढच्या वर्षी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ही आलं. त्याचं दिग्दर्शनही मांडलेकरांचंच.

त्याच २०१८ मध्ये मुंबईत ‘अलादीन’ हा डिस्नेचा महागडा संगीत प्रयोगही लागला होता. म्हणजे परीकथा, गाणी आणि रंगमंचावरची जादू बघायला पैसे मोजणारे पालक शहरात होते. मराठीत त्यांच्यासमोर ठेवायला काही हवं होतं, ते मतकरींच्या संहितेने दिलं.

पुन्हा आलेलं नाटक का चालतं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. बालनाट्याचा प्रेक्षक दर सात-आठ वर्षांनी आपोआप बदलतो. पाच वर्षांचं पोर तेरा वर्षांचं झालं की त्याला चेटकीण नको असते, पण तोवर नवी पाच वर्षांची पोरं तयार असतात. त्यांच्यासाठी जुनं नाटक कोरंकरकरीतच असतं. मोठ्यांच्या नाटकाला हा फायदा नाही.

दुसरं कारण म्हणजे तिकीट काढणारा माणूस. मूल एकटं येत नाही. सोबत आई-बाबा येतात, कधी आजी-आजोबाही. त्यांनी हे नाटक लहानपणी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. एका मुलामागे तीन-चार खुर्च्या भरतात.

तिसरं कारण भूमिका. चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ मध्ये मांगले आले, नंतर नीलेश गोपनारायण यांनी ती उभी केली. चेहरा बदलला, चेटकीण तीच. जे पात्र एका नटाच्या नावावर अडकून पडत नाही, ते नाटकाला दीर्घायुष्य देतं.

मग अडतं कुठे?

*सुट्टीचं गणित:* बालनाट्याचा हंगाम म्हणजे मे महिना आणि दिवाळी. एरवी शनिवार-रविवार. या थोड्या दिवसांत खर्च वसूल करायचा, म्हणून प्रयोग दाटीवाटीने लागतात. जड पोशाख, रंगरंगोटी, उड्या आणि गाणी, तेही उन्हाळ्यात. मे २०१९ मध्ये सांगलीच्या प्रयोगात उकाड्याने मांगले यांना भोवळ आली होती. हे काम किती अंगमेहनतीचं आहे, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

*तिकिटाचं गणित:* नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यापुढे लागतो. ही मर्यादा २०१८ पासून आहे, आधी ती २५० होती. म्हणून निर्माते शक्यतो ५०० च्या आत राहतात. पण ५०० चं तिकीट धरलं तरी चौघांचे झाले २०००. वर रिक्षा आणि मध्यंतरातला वडा. भांडुपच्या चाळीत किंवा टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्या घरासाठी हा सहज करायचा खर्च नाही.

*जागेचं गणित:* भांडुपकरांसाठी जवळचं मोठं नाट्यगृह म्हणजे मुलुंडचं महाकवी कालिदास. ते महापालिकेचं आहे, लोकलने नाहूर सोडून पुढचं स्टेशन. पण तिथल्या शनिवार-रविवारच्या तारखा मोठ्यांच्या नाटकांनाही हव्या असतात. बालनाट्याच्या वाट्याला बऱ्याचदा सकाळ किंवा दुपार येते.

कुठलंही जुनं नाटक कुणीही करू शकतं का?

नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मतकरी मे २०२० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांचे हक्क २०८० अखेरपर्यंत वारसांकडे आहेत. गाणी दुसऱ्या कुणी लिहिली असतील किंवा चाली दुसऱ्या कुणी बांधल्या असतील, तर त्यांचेही हक्क वेगळे बघावे लागतात. संगीताचं नाटक परत आणताना पुष्कळदा इथेच घोडं अडतं. संहिता मिळते, पण चालींच्या परवानगीसाठी दुसरं दार ठोठवावं लागतं. त्यामुळे नवीन चाली बांधणं कधीकधी सोपं पडतं.

सिंड्रेला किंवा रॅपन्झेलची मूळ गोष्ट मात्र कुणाच्याच मालकीची नाही. तिच्यावर स्वतःचं नाटक लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन सवलती आहेत, त्या गल्लीतल्या मंडळांना आणि शाळांना माहीत असायला हव्यात. शाळेने आपल्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांना घेऊन नाटक केलं आणि प्रेक्षक फक्त शाळेचे लोक व पालक असतील, तर तो हक्कभंग होत नाही. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोगही त्यात बसतो. पण ही सूट प्रयोगापुरती आहे. तोच प्रयोग शूट करून यूट्यूबवर टाकला, तर ती लागू होत नाही. आणि परवानगी लागत नसली तरी लेखकाचं नाव घेणं ही साधी माणुसकी आहे.

भव्य सेट नसेल तर परीकथा होईल का?

न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली ‘इन्टू द वूड्स’ हे परीकथांचं संगीत नाटक पुन्हा आलं. वाद्यवृंद रंगमंचावरच बसवला होता आणि नेपथ्य अगदी मोजकं होतं. तरी ते ब्रॉडवेवर पोचलं.

पण त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. भांडुपमध्ये कोकणातून आलेली घरं भरपूर आहेत, त्यांना दशावतार सांगावा लागत नाही. एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज. लिहिलेले संवादही नसतात, नट कथानक ठरवून घेतात आणि तिथल्या तिथे बोलतात. तरी राक्षस आला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड जातात. पोरांना घाबरवायला आणि हसवायला लाखोंचा सेट लागत नाही, हे आपल्या लोकांना कधीपासून ठाऊक आहे.

मतकरींनाही ते ठाऊक होतं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी शेजारच्या ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यावर नाटकं बसवतात आणि स्वतः करतात, असा तो उपक्रम. ज्यांना नाटकाचं तिकीट परवडत नाही, त्यांनाच रंगमंचावर आणायचं, हा त्यांचा मार्ग होता.

मग भवितव्य काय?

मोठं, नावाजलेलं बालनाट्य परत येत राहील. त्याला नवा प्रेक्षक कायम मिळतो आणि पालकांची आठवण फुकटात जाहिरात करते. पण फक्त तेवढ्यावर राहिलं तर दोन गोष्टी होतील. तीच चार-पाच गाजलेली नाटकं आलटून पालटून येतील आणि ती बघणारी पोरंही त्याच घरांतली असतील.

परंपरा खरी टिकायची तर दुसरी वाटही चालू हवी. शाळेच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मांडवात, राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत. ‘मधुमंजिरी’ लिहिली तेव्हा मतकरी जेमतेम वीस वर्षांचे होते. आज भांडुपमधल्या एखाद्या विशीतल्या पोराने नवी परीकथा लिहिली आणि गल्लीतल्या मंडळाने ती बसवली, तर पुढच्या पन्नास वर्षांनी पुन्हा आणावं असं काहीतरी शिल्लक राहील.

तोवर या सुट्टीत जमलं तर पोरांना एक नाटक दाखवाच. नाट्यगृहात नाही जमलं तर मांडवात. चेटकीण दोन्हीकडे तितकीच घाबरवते.