फक्त रिव्हर्समध्ये सुरू होणारी गाडी

१९८५ सालचा हिवाळा, श्टुटगार्ट. तुम्ही गॅरेजच्या खड्ड्यात उतरलेले, डोक्यावर मर्सिडीज २३०ई. डब्ल्यू१२३ मालिकेतली ही गाडी कारखान्यातून ऑटोमॅटिक म्हणून निघाली होती. काल तिचा गिअरबॉक्स उतरवून मॅन्युअल चढवलाय. मालकाला हातानेच गिअर टाकायचे आहेत. हौसेला मोल नाही. काम दिसायला झकास झालंय, फक्त गाडी सेल्फ घेत नाही.

किल्ली फिरवली की डॅशवरचे दिवे लागतात, पुढे सगळं ढिम्म. ड्रायव्हरच्या सीटवरून माइस्टर, म्हणजे गॅरेजचा उस्ताद, ओरडतो, ‘बॅटरी सोड. पन्नास बघ, पन्नास!’

जर्मन गाड्यांत टोकांचे नंबर ठरलेले. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० सेल्फ. या नंबरांचं मानक, डीआयएन ७२५५२, एकदा पाठ झालं की परक्या गाडीचं वायरिंगही वाचता येतं. तुम्ही सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या ५० ला टेस्ट लॅम्प लावता. वर किल्ली फिरते. दिवा लागत नाही.

मग गिअरबॉक्सशेजारी लोंबणारा प्लग दिसतो. तो जुन्या गिअरबॉक्सवरच्या खटक्याचा. त्या एका खटक्याकडे दोन कामं होती: लिव्हर पी किंवा एनवर असेल तरच सेल्फचा करंट पुढे सोडायचा आणि आरवर गेला की मागचे पांढरे दिवे लावायचे. म्हणून वायरींच्या जोड्याही दोन. खटका गेला, सेल्फची वाटच तुटली.

नव्या गिअरबॉक्सवर खटका आहे, पण फक्त रिव्हर्सचा, दोन टोकांचा. तुम्ही हाताला आली ती जोडी त्याला लावता आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना पिळून टाकता.

‘फिरवा!’

किल्ली इग्निशनवर येताच मागचे पांढरे दिवे लागतात, ते विझायला तयार नाहीत. न्यूट्रलमध्ये सेल्फ गप्पच. माइस्टर क्षणभर थांबतो, क्लच दाबून रिव्हर्स टाकतो, पुन्हा किल्ली फिरवतो. इंजिन सुरू! क्लच दाबला नसता तर गाडी तुमच्या डोक्यावरून मागे उसळली असती.

‘जोड्या उलट्या लावल्यास,’ तो इंजिन बंद करत म्हणतो. ‘आणि तो खटका जाळशील.’

खरंच आहे. रिव्हर्सचा खटका दिव्यांसाठी बनलेला. २१ वॉटचे दोन बल्ब, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. सोलेनॉइड सेल्फचं पिनियन ओढताना त्याच्या कितीतरी पट खेचतो. म्हणून तर पुष्कळ गाड्यांत मध्ये रिले असतो. नाजूक खटक्यातून जातो तो रिलेच्या ८५-८६ टोकांमधल्या कॉइलचा जेमतेम करंट. भारी करंट ३० वरून ८७ वर, खटक्याला न शिवता.

तुम्ही जोड्यांची अदलाबदल करता. रिव्हर्सच्या वायरी खटक्याला, सेल्फच्या दोन थेट एकमेकींना. पिळून भागत नाही, डाग द्यायचा आणि वर स्लीव्ह चढवायची.

न्यूट्रलमध्ये सेल्फ लागतो. पांढरे दिवे आता फक्त रिव्हर्सला. पण माइस्टर समाधानी नाही. त्या काळच्या बऱ्याच युरोपीय मॅन्युअल गाड्यांसारखी ही गाडीही यापुढे सेल्फ मारण्याआधी कुणालाच विचारणार नाही. पहिल्या गिअरमध्ये उभी असली तरी किल्ली फिरवताच पुढे उडी घेईल.

‘मालकाला किल्ली देताना आधी क्लचचं सांग,’ तो हात पुसत म्हणतो. ‘इतकी वर्षं त्याचा डावा पाय रिकामाच होता.’