उदाची दोन नावे

हिंगोलीच्या बाजारात उदबत्तीचा पुडा मागणारा माणूस नकळत अरबी शब्द बोलतो. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. हिंदी मुलखातली अगरबत्ती आली ती संस्कृत 'अगुरू'वरून. नावे दोन, पण वृक्ष एकच, आसामच्या रानातला.

निरोगी अगुरूच्या लाकडाला सुगंध नसतो. खोडाला जखम होऊन आत बुरशी शिरली, की झाड राळ स्रवते. फिकट लाकूड काळे पडते आणि इतके जड होते, की उत्तम तुकडा पाण्यात बुडतो. त्याचे अत्तर दाट, धुरकट, थोडे उग्र. प्रथम नाक बिचकते, मग त्याच वासाची ओढ लागते.

सातव्या शतकात कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला काळ्या अगुरूचे तेल नजर केले, असे बाणभट्ट सांगतो. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त त्याच लाकडाची नोंद 'ऊद' म्हणून केली. दरबार आणि नाव बदलले, तरी मोह तोच राहिला.

हिंगोलीवरचे निजामाचे राज्य १९४८ साली गेले. कचेऱ्यांतून उर्दू उठली. उदबत्ती मात्र औंढ्याच्या नागनाथापुढे आणि गावोगावच्या दर्ग्यांत तशीच जळते आहे. तिला परकी कोणी म्हटले नाही.

खंत वेगळीच आहे. आत ऊद आहे की नाही, हे झाड तोडल्याशिवाय सहसा कळत नाही. म्हणून रानातली झाडे भराभर गेली, आणि १९९५ पासून या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आपण घरी निखाऱ्यावर टाकतो तो ऊद बहुधा लोबानच असतो. मूळ वस्तू दुर्मिळ झाली, पण शब्दाने आपले घर सोडलेले नाही.